शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट

महाराष्ट्रातली शाळकरी मुले चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून शिवचरित्र शिकतात. बाजीप्रभू घोडखिंडीत पडले, तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले, अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला, महाराज आग्र्याहून सुखरूप परतले, हे वयाच्या दहाव्या वर्षीच सगळ्यांना कळून चुकलेले असते. भोर आणि वेल्हे तालुक्यांत तर पुस्तकाचीही गरज पडू नये, कारण बाजीप्रभूंचे शिंद, कान्होजी जेध्यांचे कारी, येसाजी कंकांचे भुतोंडे ही भोरच्या खोऱ्यांतली गावे आहेत आणि राजगड व तोरणा हे दोन्ही गड वेल्ह्यात आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला तो याच नात्यामुळे. असे असूनही या गोष्टी पडद्यावर पुन्हा कधी येतील याची मराठी प्रेक्षक आज वर्षानुवर्षे वाट पाहतो. दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रातल्या आठ प्रसंगांवर आठ चित्रपट करण्याचा संकल्प सोडला, त्याला ‘शिवराज अष्टक’ म्हटले, आणि त्यातल्या प्रत्येक चित्रपटाला ‘पुष्प’ हे नाव रूढ झाले. पुढचे पुष्प कोणते, ते केव्हा येणार, महाराजांच्या भूमिकेत कोण असणार, हे प्रश्न एक चित्रपट उतरला की दुसऱ्याच दिवशी सुरू होतात. ज्या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे, तिची इतकी वाट का पाहावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही. वाट पाहणारा माणूस नेमके काय मागत असतो, ते त्यातून कळते.

आधी या मालिकेचा क्रमच पाहावा. पहिला ‘फर्जंद’ १ जून २०१८ ला आला. त्यात कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या साथीदारांनिशी पन्हाळा घेतला तो प्रसंग आहे, म्हणजे साल १६७३. दुसरा ‘फत्तेशिकस्त’ नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, लाल महालावरच्या छाप्याचा, म्हणजे १६६३. तिसरा ‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारी २०२२ ला आला, तो १६६० चा. चौथा ‘शेर शिवराज’ त्याच वर्षी २२ एप्रिलला आला, अफजलखानाच्या स्वारीचा, म्हणजे १६५९ चा. पहिले चारही चित्रपट काळाच्या उलट दिशेने चालले आहेत. पाचव्या ‘सुभेदार’मध्ये, ऑगस्ट २०२३ मध्ये, कथा पुन्हा पुढे सरकून १६७० च्या कोंढाण्यावर गेली, आणि त्यानंतर जाहीर झालेले पुष्प १६६६ च्या आग्र्याच्या प्रसंगावरचे. ‘पुढे काय झाले’ हीच जर प्रेक्षकाची भूक असती, तर असा क्रम कुणी सहनच केला नसता. तिसऱ्या चित्रपटात ज्या बाजीप्रभूंसाठी लोक रडले, ते हयात होते त्या वर्षात चौथा चित्रपट प्रेक्षकाला परत नेतो, आणि प्रेक्षक तक्रार करत नाही. त्यात भर म्हणजे नटही बदलत्या भूमिकांत येतात. अंकित मोहन ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी होते, ‘फत्तेशिकस्त’मध्ये येसाजी कंक आणि ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल. अजय पूरकर खिंडीत बाजीप्रभू म्हणून पडले आणि पुढच्याच वर्षी कोंढाण्यावर तानाजी म्हणून. जुन्या नाटक मंडळीत आज कृष्ण झालेला नट उद्या भीम होई, तसेच हे. प्रेक्षक एका गोष्टीचा धागा धरून बसलेला नाही. तो सांगणाऱ्या मंडळीच्या सोबत बसला आहे.

ही गोष्ट फक्त आपली नाही, हे जपानी ॲनिमे मालिकांच्या चाहत्यांकडे पाहिले की लक्षात येते. आता महाराष्ट्रातल्या शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतली मुलेही या मालिका मोबाईलवर पाहतात, त्यामुळे त्यांची नावे पुष्कळ घरांत परिचयाची झाली आहेत. ‘ब्लीच’ नावाची मालिका मार्च २०१२ मध्ये अर्ध्यावर थांबली. ती ज्या चित्रकथेवर, म्हणजे मांगावर, आधारलेली होती ती मात्र चालू राहिली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये संपली. त्या दिवसापासून शेवट जगजाहीर होता. कोण वाचले, कोण मेले, कुणाचे लग्न झाले, सगळे छापून आले होते. तरी चाहते मालिकेची वाट पाहत राहिले, आणि ती ऑक्टोबर २०२२ मध्ये, दहा वर्षांहून अधिक काळानंतर, परत आली तेव्हा त्यांनी तिचे सणासारखे स्वागत केले. ‘अटॅक ऑन टायटन’चा पहिला भाग २०१३ चा, दुसऱ्या पर्वासाठी चार वर्षे थांबावे लागले. मांगा एप्रिल २०२१ मध्ये संपली, मालिका नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधली अडीच वर्षे लाखो लोक शेवट जाणूनच थांबले होते. आपल्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा जपानी ॲनिमेशनपट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो चित्रपट इथल्या एका पिढीने लहानपणी टीव्हीवर पाहिला, आणि २४ जानेवारी २०२५ ला तो भारतभर चित्रपटगृहांत लागला. रावण मरतो की नाही हे पाहायला त्या दिवशी कुणी गेले नसेल.

मराठी माणसाला तर याचा सराव फार जुना आहे. श्रावणात गावोगाव पोथी लागते. श्रीधरस्वामींचा हरिविजय १७०२ सालचा, पांडवप्रताप १७१२ सालचा. तीनशे वर्षे झाली, रोज रात्री एक-दोन अध्याय वाचले जातात, वाचणारा वाचतो, अर्थ सांगणारा सांगतो, समाप्तीला प्रसाद होतो, आणि पुढच्या श्रावणात तीच पोथी पुन्हा लागते. कंस मरणार हे ऐकणाऱ्यांतल्या सर्वांत लहान पोरालाही माहीत असते. पोवाड्याचेही तसेच. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा महाराजांच्याच काळातला, आणि तो पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनाही प्रतापगडाची बातमी आधीच पोचलेली होती. छापील मजकुराच्या जगात हाच सराव साप्ताहिकात आला. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. शिवकाळावरची ‘उषःकाल’ त्यांतलीच. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत, ऐतिहासिक कादंबरीत स्वराज्य स्थापन होणारच हे माहीत असूनही पाहत. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या शेवटी अपुऱ्याच राहिल्या. १९१९ मध्ये ते गेले, आणि त्या वाचकांची वाट कधीच संपली नाही. जपानमध्ये ‘बर्सर्क’ या मांगाचे चित्रकार केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये गेले तेव्हा बत्तीस वर्षे वाचणाऱ्या वाचकांवर हीच वेळ आली होती. पुढच्या वर्षी त्यांच्या जिवलग मित्राच्या देखरेखीखाली त्यांच्याच सहकाऱ्यांनी ती कथा पुन्हा सुरू केली. कथेचा पुढचा भाग त्या मित्राला मिउरांनी स्वतः सांगून ठेवला होता, आणि तेवढ्यावर वाचकांनी ते काम स्वीकारले.

या सगळ्यांतून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो. ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट पाहणारा माणूस बातमीची वाट पाहत नसतो. ती गोष्ट आपल्यासमोर नीट मांडली जाईल, असा सांगणाऱ्यावर त्याने विश्वास टाकलेला असतो, आणि तो विश्वास खरा ठरण्याची तो वाट पाहतो. ‘नीट’ म्हणजे काय, हे मात्र जरा उलगडून पाहायला हवे. नीट म्हणजे थाटामाटात नव्हे, आणि नुसते भक्तिभावाने तर नव्हेच. शेवट ठरलेला आहे असे आपल्याला वाटते, कारण आपण साडेतीनशे वर्षांनी पाहतो. ज्यांनी तो प्रसंग जगला त्यांना शेवट माहीत नव्हता. चांगला सांगणारा आपल्याला त्यांच्या अज्ञानात परत नेतो. तिथे गेल्यावर ओळखीची गोष्ट पुन्हा अनोळखी होते आणि काळजात धडधड सुरू होते. हे किती अवघड आणि किती मोलाचे आहे ते समजायला भोर तालुक्याइतकी चांगली जागा नाही.

जून १६५९ मध्ये विजापूरच्या आदिलशहाचे फर्मान कारीला कान्होजी जेध्यांकडे आले. अफजलखान येतो आहे, त्याला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल, असा त्याचा आशय. तशीच फर्माने मावळातल्या इतर देशमुखांनाही गेली. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडावर आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. हे आपण शाळेत शिकतो आणि इथेच थांबतो. पण त्याच रोहिडखोऱ्यात उत्रवळी आहे, आणि उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. जेधे आणि खोपडे यांचा देशमुखीवरून जुना तंटा होता. दोघांचे डोंगर तेच, दोघांना धमकी तीच. राजांची सत्ता कोवळी होती, तिच्या हाताशी काही गड आणि काही माणसे, तर समोर विजापूरची सगळी ताकद. त्या जूनमध्ये मावळात बसलेल्या शहाण्या माणसाने हिशेब केला असता तर खोपड्यांचा निर्णय त्याला अधिक सुरक्षित वाटला असता. १० नोव्हेंबरला खान पडला आणि तो हिशेब उलटा झाला. खंडोजी लपत राहिले, मग गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकरांनी मध्ये पडून कान्होजींकडे शब्द टाकला, आणि कान्होजींनी, ज्यांच्याशी तंटा होता त्याच माणसासाठी, महाराजांकडे जीवदान मागितले. जीव वाचला, पण फितुरीबद्दल एक हात आणि एक पाय गेला. या प्रसंगात शत्रू बाहेरून आलेला नाही. तो शेजारच्या गावचा आहे, नात्यातला आहे, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणाराही इथलाच आहे. कारीत जन्मलेल्याला आणि उत्रवळीत जन्मलेल्याला ही गोष्ट सारखीच ऐकू येईल असे नाही, आणि दोघांनाही ती ऐकवता येईल असा सांगणारा मिळणे ही साधी गोष्ट नाही.

हिरडस मावळाचे बांदल घ्या. कृष्णाजी बांदल हे शिवरायांच्या विरोधात उभे राहिलेले देशमुख, आणि बाजीप्रभू त्या वेळी बांदलांच्या चाकरीत होते. म्हणजे ज्या बाजींचे नाव आज स्वामिनिष्ठेसाठी घेतले जाते, ते आधी पलीकडच्या बाजूला होते. ते इकडे आले, बांदलांची फौजही आली, आणि १३ जुलै १६६० ला पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी पाठलागावर आलेल्या फौजेची वाट अडवली. दरबारातला तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोवर जेध्यांचा होता. खिंडीनंतर तो बांदलांना देण्यात आला आणि जेध्यांनी तो सोडला. एका खोऱ्याने दुसऱ्या खोऱ्यासाठी आपला मान उतरवून ठेवावा, हे मला खिंडीतल्या लढाईइतकेच मोठे वाटते. लढाई पडद्यावर दाखवता येते. हा मान देण्याचा प्रसंग मात्र सांगावा लागतो, त्यासाठी आधी जेधे कोण, बांदल कोण, मावळात मान म्हणजे काय, हे प्रेक्षकाच्या मनात रुजवावे लागते, आणि रुजवायला वेळ लागतो. तानाजींच्या बाबतीतही वेल्ह्याकडे एक परंपरा आहे. कोंढाण्यावरून त्यांचा देह उमरठला नेला तो केळदजवळच्या मढे घाटाने, असे सांगतात. त्या घाटाच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्याच्या दृष्टीने लढाई हा गोष्टीचा अर्धाच भाग असतो. म्हणून म्हणतो, या प्रदेशातला प्रेक्षक ‘काय झाले’ विचारत नाही. ‘तुम्ही आमचे सगळे सांगाल ना?’ एवढेच तो विचारतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही वाट पाहणे-बिहणे सगळे जाहिरातीचे काम आहे. आठ चित्रपट करणार असे आधीच जाहीर करायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, शेवटी पुढच्या चित्रपटाची चाहूल द्यायची, की प्रेक्षक बांधला गेला. यात तथ्य नाही असे नाही. मालिका जाहीर केल्याने निर्मात्याचा फायदा होतो हे उघड आहे. पण जाहिरात फार तर सुरुवात करून देऊ शकते. ‘ब्लीच’च्या चाहत्यांना दहा वर्षांतली बहुतेक वर्षे कुणी काहीच विकत नव्हते. हरिभाऊंच्या वाचकांना तर भित्तिपत्रकेही दिसत नव्हती. ‘पावनखिंड’चे उदाहरण याच बाबतीत बोलके आहे. तो आधी ‘जंगजौहर’ नावाने जाहीर झाला, मग नाव बदलले, मग करोना आला. मार्च २०२० मध्ये राज्यातली चित्रपटगृहे बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. जाहीर केलेल्या तारखा मागे पडत गेल्या. ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘पावनखिंड’ यांच्यात सव्वादोन वर्षे गेली. या काळात घरोघरी मोबाईलवर मनोरंजनाचा महापूर आला होता, एखादी मालिका विसरून जायला इतका चांगला काळ दुसरा नव्हता. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये लोक चित्रपटगृहांत परतले. जाहिरातीने टिकवलेली उत्सुकता इतका काळ तग धरत नाही. तिच्यामागे आधीच्या दोन चित्रपटांनी कमावलेली पत होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मनापासून घेतला जातो. शिवचरित्र हा श्रद्धेचा विषय. त्याची वाट पाहणाऱ्याला कार्टूनच्या चाहत्यांच्या पंगतीला बसवणे योग्य आहे का? आदर म्हणजे काय हे मी जाणतो, आणि विषयांची बरोबरी मी करतही नाही. मी पाहतो आहे तो वाट पाहण्याचा स्वभाव, आणि तो दोन्हीकडे एक आहे. फरक आहे तो वजनाचा. जपानी मालिकेतल्या पात्राचा आवाज बदलला तर चाहते हळहळतात. ‘डोरेमॉन’चा आवाज नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत दिला, मग तो बदलला, आणि काळाच्या ओघात नवा आवाजही आपला झाला. महाराजांच्या भूमिकेत मात्र प्रेक्षक इतका मोकळा नसतो. अष्टकाच्या पहिल्या पाचही चित्रपटांत मावळे बदलले, महाराज बदलले नाहीत, चिन्मय मांडलेकर हेच होते. इथे विश्वास एका चेहऱ्यावर येऊन बसला होता. आणि विश्वास जिथे इतका जड होतो तिथेच तो वाट चुकतो. एप्रिल २०२४ मध्ये मांडलेकरांनी जाहीर केले की ते यापुढे ही भूमिका करणार नाहीत, कारण त्यांच्या मुलाच्या नावावरून त्यांच्या कुटुंबाला समाजमाध्यमांवर नको नको ते ऐकून घ्यावे लागले होते. ज्या नटाने पाच चित्रपट ही भूमिका जपली, त्याच्या घरात शिरण्याचा हक्क प्रेक्षकाला कुणी दिला? वाट पाहणाऱ्याचा हक्क आहे, पण तो कामावर आहे. चित्रपट ढिसाळ झाला तर बोलावे, प्रसंग चुकीचा दाखवला तर पुराव्यानिशी बोलावे. नटाने आपल्या लेकराचे नाव काय ठेवावे, हा त्या हक्कातला भाग नाही. या घटनेत नुकसान झाले ते मालिकेचेच. मध्यभागी असलेला चेहरा गेला, भूमिका दुसऱ्या अभिनेत्याकडे सोपवावी लागली, आणि ज्यांना या गोष्टींची सर्वांत जास्त आस असल्याचे सांगितले जात होते त्यांच्यातल्याच काहींनी हे घडवले. श्रद्धेच्या विषयात चाहतेपणाला मर्यादा कमी नकोत, अधिक हव्यात, असे मला यावरून ठामपणे वाटते.

मग वाट किती असावी? चाहत्यांची नेहमीची मागणी ‘लवकर आणा’ अशी असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण लवकर आणण्याची किंमत काय असते हे मराठी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाइतके कुणाला ठाऊक असणार? ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग चालली. रोज रात्री एक भाग द्यायचाच असला की लेखक कथेत पाणी घालू लागतो, हे आपल्याकडचे सर्वमान्य निरीक्षण आहे. जपानमध्येही हेच झाले. आठवड्याला एक भाग दाखवायचा आणि मूळ मांगा अजून पुढे लिहिली गेलेली नाही, अशी गाठ पडली की मूळ कथेत नसलेले प्रसंग भरले जात. चाहते त्यांना ‘फिलर’ म्हणतात आणि त्यांच्यावर वैतागतात. ‘नारुतो’त आणि जुन्या ‘ब्लीच’मध्ये असे भाग ढिगाने आहेत. १९९९ पासून जवळपास अखंड चाललेल्या ‘वन पीस’ने ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ अशी सहा महिन्यांची विश्रांती घेतली. म्हणजे ज्या उद्योगाने आठवड्याची शिस्त पाळली, तोच आता थांबायला शिकतो आहे. अष्टकातही दोन्ही प्रकार घडले आहेत. ‘पावनखिंड’ सव्वादोन वर्षांनी आला, ‘शेर शिवराज’ त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. लागोपाठ आलेल्या दोन चित्रपटांत प्रेक्षकाच्या मनाला आधीचा प्रसंग मुरवायला उसंत मिळत नाही, असे माझे मत आहे. बाजीप्रभूंचे जाणे नीट पचण्याआधीच खानाचा तळ समोर येतो. कारी-उत्रवळीची गोष्ट किंवा पहिल्या पानाच्या मानाची गोष्ट अशा घाईत सांगता येणार नाही. त्यासाठी कागद वाचावे लागतात, खोरी हिंडावी लागतात. वर्ष-दोन वर्षांचे अंतर प्रेक्षकाला सोसते, हे ‘पावनखिंड’नेच दाखवले आहे.

आता शेवटचा आक्षेप, जो इतिहासाच्या अभ्यासकांकडून येतो आणि ज्याला मी सर्वांत जास्त मान देतो. एखादा प्रसंग पडद्यावर एकदा रंगला की तोच लोकांच्या मनात इतिहास होऊन बसतो. मग दंतकथा आणि दस्तऐवज यांत भेद उरत नाही. वाट पाहणारा प्रेक्षक जितका भारावलेला, तितका तो भेद पुसट. हे खरे आहे, आणि चित्रपटाच्या सुरुवातीला दिलेल्या सूचनेच्या पाटीने ते भरून निघत नाही. पण याचे उत्तर वाट पाहण्याच्या काळातच आहे, कारण नोंदी वाचायला तोच वेळ मिळतो, आणि ते उत्तर भोर तालुक्यातून आलेले आहे. कारीच्या जेध्यांच्या घरात एक शकावली जपली होती, सालवार आणि तिथीवार नोंदींची. दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली आणि टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, ही तारीख मान्य होण्यामागे या शकावलीचा मोठा वाटा आहे. ज्या घराने वतनावर पाणी सोडले त्याच घराने तारखाही सांभाळून ठेवल्या. म्हणजे या खोऱ्यांत श्रद्धा आणि नोंद या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नव्हत्या, एकाच घरात नांदत होत्या.

आग्र्याचे पुष्प श्रद्धा आणि नोंद यांच्या या कसोटीला नेमके लागते. ५ मार्च १६६६ ला महाराज राजगडावरून निघाले, १७ ऑगस्टला आग्र्याच्या कैदेतून निसटले, हे पक्के आहे. राजगडावर ते परत केव्हा पोचले याबद्दल मात्र एकमत नाही. सर्रास सांगितली जाणारी तारीख १२ सप्टेंबरची आहे. जेधे शकावली मार्गशीर्ष शुद्ध पंचमी सांगते, जी २० नोव्हेंबरला पडते. इतिहासकारांत दोन्ही पक्षांचे लोक आहेत. हा तपशील किरकोळ नाही. सप्टेंबर धरला तर महाराज जेमतेम पंचवीस-सव्वीस दिवसांत इतके अंतर कापून आले, म्हणजे कथा वेगाची होते. नोव्हेंबर धरला तर तीन महिने राजगडाला धनी कुठे आहे हे माहीत नाही, जिजाऊसाहेब कारभार पाहताहेत, मावळातला एकेक देशमुख आपापल्या घरी बसून विचार करतो आहे की हे राज्य राहणार का, आणि सात वर्षांपूर्वी खोपड्यांनी केला तो हिशेब आपण आज करायचा की नाही. एका पक्षाने गेले तर चित्रपटाचा नायक घोड्यावर आहे, दुसऱ्या पक्षाने गेले तर नायकाबरोबर मागे राहिलेली सगळी खोरी कथेत येतात. पहिला चित्रपट करणे सोपे आहे आणि तो रंगेलही. दुसऱ्यात कारी, शिंद, भुतोंडे, वेल्हे ही नावे येतील, वाट पाहणारी माणसे येतील, आणि त्यासाठी शकावलीतली एक ओळ दिग्दर्शकाला गंभीरपणे घ्यावी लागेल. कोणती तारीख धरली आणि का धरली, हे चित्रपटाने सांगितले पाहिजे, आणि प्रेक्षकाने तिकीट काढण्याआधी विचारले पाहिजे.